ड्रमरची आई

"आई, उद्यापासून पोहे कमी भिजव. मुलं यायची नाहीत."

ताटावरून उठता उठता आमचे चिरंजीव एवढंच बोलले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले. गेली दोन वर्षं दर शनिवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांच्या रॉक बँडची तालीम चालायची. कॉलेजातली चार पोरं. एक गाणारा, दोन गिटारवाले आणि ड्रमवर आमचा लेक. शेजारच्या आजोबांची दुपारची झोप, खिडक्यांच्या काचांची थरथर, माझी डोकेदुखी, सगळं सांभाळून मी त्या पोरांना पोहे, थालीपीठ, चहा पुरवत होते. आणि आता स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असताना त्यांनी दुसरा ड्रमर घेतला. लेकाला सांगितलं कसं? तर सांगितलंच नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून त्याचं नाव काढून टाकलं. झालं!

मैत्रिणींनो, मला इतका राग आला म्हणून सांगू! त्या गाणाऱ्या मुलाची आई माझ्याकडे हळदीकुंकवाला येते. तिला फोन लावायला घेतला, तर बाहेर आलेल्या लेकाने फोनच काढून घेतला. म्हणाला, "आई, प्लीज. पीट बेस्टच्या आईसारखं करू नकोस."

आता हा पीट बेस्ट कोण, हे मला काय ठाऊक? मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. आमच्या घरी रेडिओवर लताबाई आणि सुधीर फडके. बीटल्स म्हणजे इंग्लंडची लांब केसांची चार पोरं, एवढीच माझी माहिती. जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो हे चौघं पहिल्यापासून एकत्रच असणार असं मी धरून चालले होते. पण तसं नव्हतं. जॉन लेननने १९५६ साली शाळेत असताना बँड सुरू केला. पॉल पुढच्या वर्षी आला, जॉर्ज त्याच्या पुढच्या. रिंगो आला तो थेट १९६२च्या ऑगस्टमध्ये. त्याच्या आधीची दोन वर्षं ड्रमवर बसायचा पीट बेस्ट. लेकाने सांगितलं तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. रात्री वाचायला बसले आणि पीटची गोष्ट बाजूला राहिली, मी त्याच्या आईतच गुंतले.

मोना बेस्ट तिचं नाव. जन्म १९२४ सालचा आणि तोही आपल्या दिल्लीतला. वडील फौजेत मेजर. पीटचा जन्म १९४१चा, मद्रासचा. महायुद्ध संपल्यावर हे कुटुंब बोटीने इंग्लंडला, लिव्हरपूलला गेलं. तिथे मोनाला मोठं घर हवं होतं. तिने दागिने गहाण टाकून १९५४च्या डर्बी शर्यतीत एका घोड्यावर पैसे लावले, तो घोडा जिंकला आणि त्या पैशांतून पुढे घर झालं, असं बेस्ट कुटुंबात सांगतात. बाई धाडसी होती यात शंका नाही. तरुण मुलांनी कॉफी प्यायला, गाणी ऐकायला एकत्र जमायचं ठिकाण असावं म्हणून तिने आपल्या घराच्या तळघरातच 'कॅस्बा कॉफी क्लब' काढला. उद्घाटन २९ ऑगस्ट १९५९. पहिल्या दिवशी वाजवायला होते जॉन, पॉल, जॉर्ज आणि केन ब्राउन नावाचा एक चौथा मुलगा. बीटल्स हे नावसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं. तळघर रंगवायलाही त्या पोरांनी हात लावला होता.

या केन ब्राउनचा एक प्रसंग मला फार आवडला. चौघांना मिळून रात्रीचे तीन पौंड, म्हणजे प्रत्येकी पंधरा शिलिंग मिळायचे. एका रात्री केन आजारी होता, वाजवू शकला नाही. बाकी तिघांचं म्हणणं, त्याचे पैसे आम्हाला द्या. मोना म्हणाली, नाही, त्याचा वाटा त्यालाच. तिघं भडकले आणि चक्क निघून गेले! आमच्या बचत गटात हाच वाद किती वेळा झाला असेल. बाळंतपणाला गेलेलीचा वाटा ठेवायचा की नाही? मला त्या परक्या बाईबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मग ऑगस्ट १९६०मध्ये या मुलांना जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवायचं काम मिळालं. ड्रमर नव्हता. पीटकडे नवे ड्रम होते, त्याला घेतलं. तिथे एका रात्रीत तासन् तास वाजवून ही मुलं तयार झाली. त्या वर्षाअखेर हात हलवत परत आली, तर इंग्लंडमधला पहिला कार्यक्रम पुन्हा कॅस्बातच. मोना त्यांच्यासाठी फोन करी, कार्यक्रम मिळवी. ब्रायन एपस्टाइन हा मॅनेजर नंतर आला.

जून १९६२मध्ये लंडनला रेकॉर्डिंगची चाचणी झाली. निर्माता जॉर्ज मार्टिनला पीटचं ड्रम वाजवणं पसंत पडलं नाही. रेकॉर्डिंगपुरता दुसरा वादक बोलावू, एवढाच त्याचा विचार होता. पण बाकीच्या तिघांच्या मनात रिंगो होताच. १६ ऑगस्ट १९६२ला एपस्टाइनने पीटला ऑफिसात बोलावलं आणि बँडमधून काढल्याचं सांगितलं. ज्यांच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत झोपला, एका ताटात जेवला, त्या तिघांपैकी एकही तिथे नव्हता. मॅनेजरने सांगितलं, झालं. पुढे जॉन लेननने स्वतःच कबूल केलं की, आम्ही तेव्हा भेकडपणा केला.

दोन दिवसांत रिंगो ड्रमवर बसला. पीटच्या चाहत्यांनी कॅव्हर्न क्लबमध्ये त्याच्या नावाने घोषणा दिल्या, धक्काबुक्कीत जॉर्जचा डोळा काळानिळा झाला. आणि मोनाने काय केलं? मी करणार होते तेच. तिने फोन लावला, थेट जॉर्ज मार्टिनला. मार्टिनने तिला सांगितलं, मी त्याला काढा असं म्हटलंच नव्हतं. ते ऐकून त्या माउलीला काय वाटलं असेल!

वाईट मात्र मला रिंगोबद्दलही वाटलं. त्याचा काय दोष? त्याला बोलावलं, तो आला. आणि त्याच्याही वाट्याला काय यावं? सप्टेंबरात पहिलं गाणं रेकॉर्ड करताना मार्टिनने एकदा तिसराच ड्रमर बसवला आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली. ज्याच्यामुळे बँड पुरा झाला असं आज जग म्हणतं, तोही त्या दिवशी कोपऱ्यात खंजिरी वाजवत उभा होता. आणि खरं सांगायचं तर रिंगो आल्यावर त्या चौघांचं जे जमलं, ते आधी जमलं नव्हतं. हे लेकाने मला ऐकवून पटवलं. आईची माया बाजूला ठेवली की कानाला कळतं.

मी पुढे वाचत गेले, तर हे फक्त बीटल्सचं नाही. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि तिथेच मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फ्रेडी मर्क्युरी. त्याच्या 'क्वीन'मध्ये जॉन डीकन १९७१ला आला, तोवर तीन बासवादक येऊन गेले होते. 'पिंक फ्लॉइड'ची पहिली बहुतेक गाणी सिड बॅरेटची. त्याचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं, कार्यक्रमात तो नुसता उभा राहू लागला. जानेवारी १९६८मध्ये कार्यक्रमाला निघालेल्या मित्रांनी ठरवलं, आज त्याला घ्यायला जायचं नाही. बस, तसंच संपलं. १९७५ साली त्यांचं रेकॉर्डिंग चालू असताना तो अचानक येऊन बसला. अंगाने सुटलेला, भुवया काढलेल्या. मित्रांना बराच वेळ ओळखूच आला नाही.

'रोलिंग स्टोन्स'मध्ये मात्र जरा वेगळं घडलं. पियानो वाजवणारा इयन स्टुअर्ट हा अगदी सुरुवातीचा गडी. १९६३ला मॅनेजर म्हणाला, सहाजण फार होतात आणि हा दिसायलाही शोभत नाही. त्याला स्टेजवरून उतरवलं. पण तो गेला नाही आणि मित्रांनीही त्याला जाऊ दिलं नाही. १९८५ला वारला तोवर त्यांचं सामान वाहत होता, रेकॉर्डवर पियानोही वाजवत होता. १९८९ला बँडचा मोठा सन्मान झाला तेव्हा इतर सदस्यांबरोबर त्याचंही नाव घातलं गेलं.

म्हणजे माणसं बदलावी लागतात, हे खरंच. सुरुवात करणारा प्रत्येकजण शेवटपर्यंत पुरेल असं नाही. पण ज्याला उठवायचं, त्याच्या समोर बसून ते सांगायला काय लागतं?

हे वाक्य मनात आलं आणि मैत्रिणींनो, मी तिथेच थबकले. कारण मला माई आठवल्या.

आमचा बचत गट सुरू झाला तो माईंच्या ओटीवर. अकरा वर्षं हिशेबाची वही त्यांनी सांभाळली. पै न् पै चोख. गेल्या वर्षी बँकेने हिशेब कॉम्प्युटरवर मागितले. आम्ही ते काम एका तरुण मुलीकडे दिलं. ती हुशार आहे, काम उत्तम करते. पण माईंना हे सांगायचं कुणी? बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. गटाची प्रमुख मी, घरोघरी नवरा-बायकोची भांडणं मिटवायला जाणारी, 'समोरासमोर बोला' हे दुसऱ्यांना शिकवणारी मीच. आणि मी काय केलं? माईंच्या सुनेला फोन करून म्हटलं, "तेवढं त्यांच्या कानावर घालशील का?" त्यानंतर माई बैठकीला आल्या नाहीत. तब्येत बरी नसेल, असं आम्ही सोयीस्करपणे समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. माई ओटीवर भाजी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "वह्या न्यायला आलीस होय? कधीच्या बांधून ठेवल्यात." आतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आल्या. अकरा वह्या.

"माई, चुकलं माझं. मी स्वतः यायला हवं होतं," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, डोळ्यांना दिसत नाही आताशा. दोनदा बेरीज चुकले होते, मला कळलं होतं. तुम्ही विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, दुसरी बघा. तेवढं म्हणायचं राहिलं माझं."

मी त्यांच्याशेजारी बसून भाजी निवडू लागले. दुसरं काही सुचलंच नाही.

मोनाची गोष्ट तिथेच संपत नाही. बीटल्स जगभर गाजले आणि १९६७ साली एका रेकॉर्डच्या मुखपृष्ठाच्या फोटोसाठी जॉनला पदकं हवी होती. त्याने ती मोनाकडे मागितली. तिच्या वडिलांची, भारतातल्या नोकरीतली पदकं. तिने दिली! पीटने पुढे पाव भरायचं काम केलं आणि मग कितीतरी वर्षं सरकारी नोकरी. १९८८ला मोना गेली. १९९५मध्ये बीटल्सची जुनी रेकॉर्डिंग्ज निघाली, त्यातल्या पीटने वाजवलेल्या गाण्यांचे पैसे अखेर त्याला मिळाले. मुखपृष्ठावरच्या जुन्या फोटोतला त्याचा चेहरा मात्र फाडलेला होता. २००८ला पीटने आपल्या बँडचा अल्बम काढला आणि मुखपृष्ठावर नेमका तोच फाडलेला तुकडा छापला. अल्बमला नाव दिलं 'हेमन्स ग्रीन'. आईच्या त्या घराचा पत्ता.

कालच्या शनिवारी गाणारा मुलगा आणि एक गिटारवाला आमच्याकडे आले. गच्चीवर राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर न्यायला. मान वर करवत नव्हती दोघांची. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "सामान न्या खुशाल. आधी वर जाऊन त्याच्याशी बोला. मग चहा टाकते."

पाऊण तास झाला तरी खाली कुणी येईना. काय बोलले ते मी विचारलं नाही. तेवढ्यात पोहे मात्र भिजवून ठेवले होते, चौघांना पुरतील इतके.