राहुटी केवढी असावी?

ज्येष्ठात संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते. नाशिक, पळसे, सिन्नर, पुढे नगर आणि करमाळा असे मुक्काम करत ती पंढरपूरला पोहोचते. टाळ-मृदंगाच्या गजरात चालणाऱ्या दिंड्या सगळ्यांना दिसतात. दिंडीच्या पुढे निघून गेलेला मालट्रक मात्र फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यात भांडीकुंडी, शिधा, पाण्याची पिंपे असतात आणि राहुट्यांच्या गुंडाळ्या. वारकरी मुक्कामी पोहोचायच्या आत पुढे गेलेली मंडळी जागा हेरतात, मेखा ठोकतात, तणावे ओढून राहुट्या उभ्या करतात. दमलेली माणसे येतात तेव्हा डोक्यावर छप्पर तयार असते. पावसाळा तोंडावर आलेला किंवा सुरू झालेला असतो, जागा रोज नवी असते, आणि एकेका राहुटीत म्हातारीकोतारी, बायाबापड्या मिळून दाटीवाटीने झोपतात.

सहकुटुंब तंबूत राहण्याची हौस नाशिककरांना अलीकडे लागली. गंगापूर धरणाच्या काठी, वैतरणेच्या पाणलोटात, शेजारच्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला शनिवारी-रविवारी रंगीबेरंगी तंबू दिसू लागले. कोणता तंबू घ्यावा हे ठरवताना मात्र आपण खोक्यावरचा आकडा पाहतो आणि परदेशी जाहिरातींतले फोटो पाहतो. मोठ्या तंबूत माणसे कशी राहतात याचा अनुभव ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, ती दिंडीतली माणसे, मेंढपाळ, साधू आणि छावणीतले जवान याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे बघून तंबू निवडला तर पैसे वाचतील आणि रात्रीची झोपही मिळेल, असे माझे ठाम मत आहे.

आधी तो आकडा. ‘सहा जणांचा तंबू’ म्हणजे सहा माणसे खांद्याला खांदा लावून आडवी होतील एवढी जागा. कंपन्या दर माणशी साधारण 60 सेंटिमीटर रुंदी धरतात, म्हणजे सहा जणांना 360 सेंटिमीटर. आपल्या घरातली एका माणसाची गादी 90 सेंटिमीटरची असते. माणशी 75 सेंटिमीटर धरले तरी त्या 360 मध्ये पाच माणसेसुद्धा नीट मावत नाहीत. त्यात पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, रात्री अंगावर घेण्याच्या रजया. चार माणसांच्या कुटुंबाने सहाचा आणि सहांनी आठचा तंबू पाहावा, हा हिशेब यातूनच येतो. दुकानात तंबू उभा करून दाखवत असतील तर घरातल्या सगळ्यांनी आत जाऊन खुशाल आडवे व्हावे. संकोच करू नये.

लांबी-रुंदीपेक्षाही कुटुंबाला लागते ती उंची, आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो. गिर्यारोहकाचा तंबू बुटका असतो, कारण त्याला आत फक्त झोपायचे असते. आजी बरोबर असेल तर तिला सकाळी उभे राहून लुगडे नेसता आले पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना रांगत आत-बाहेर करायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन थोपटायचे तर उभ्यानेच थोपटावे लागते. घरातला सर्वांत उंच माणूस मधोमध ताठ उभा राहील, म्हणजे 180 ते 200 सेंटिमीटर, एवढी उंची कौटुंबिक तंबूला हवी. दरवाजाही मोठा हवा आणि त्याचा उंबरा जितका कमी तितका चांगला. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांची जुनी पद्धत किल्ल्यावरच्या लेण्यात, गुहेत किंवा देवळात पथारी टाकण्याची. हरिश्चंद्रगडाच्या आणि रतनगडाच्या गुहांत कित्येक पिढ्या अशा झोपल्या. त्यामुळे मोठा तंबू कसा पारखायचा हे ज्ञान आपल्या ट्रेकिंगमधून फारसे आलेच नाही.

उंचीची किंमत मात्र वारा वसूल करतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच अशी सरळ उभी भिंत धरली, तर ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे 12 किलो भार येतो. वेग 40 झाला की 46 किलो. 60 झाला की शंभर किलोच्या वर. हा सगळा भार बारीक दांड्या आणि बोटाएवढ्या मेखांवर. आता आपला हंगाम पाहा. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या भागात काजवे पाहायला माणसे जातात ती मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. नेमके हेच दिवस वळवाचे. संध्याकाळी ढग भरून येतात, अचानक सोसाट्याचा वारा सुटतो आणि पाठोपाठ सरी कोसळतात. मुलाबाळांना घेऊन सगळ्यात जास्त लोक तंबूत राहतात तेव्हाच वारा सगळ्यात बेभरवशाचा असतो.

म्हणून खोलीसारख्या उभ्या भिंतींचा, चौकोनी, प्रशस्त दिसणारा तंबू आपल्याकडे मला धोक्याचा वाटतो. भिंती खालून वर आत झुकलेल्या हव्यात, दांडे एकमेकांना दोन-तीन ठिकाणी छेदणारे हवेत, आणि तणावे बांधायच्या कड्या नुसत्या कोपऱ्यांवर नकोत, भिंतींच्या मध्यावरही हव्यात. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी. तणावे सगळे बांधावेत, हवा शांत असली तरी. मध्यरात्री वादळात टॉर्च दातांत धरून ते बांधणे फार अवघड जाते.

मोठ्या तंबूच्या प्रश्नाला धनगरांनी वेगळेच उत्तर शोधलेले आहे. नाशिक-नगरकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात, बिऱ्हाड घोड्यावर लादलेले असते. मुक्कामाला प्रत्येक कुटुंबाचे पाल वेगळे. लहान, बुटके, दोन माणसे चटकन उभारतील असे. अशी अनेक पाले मिळून वाडा होतो. महाराष्ट्रातल्या धनगरांचा आणि त्यांच्या दैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी या वाड्यांवर पुष्कळ लिहिले आहे. एकत्र राहायचे, पण एका छपराखाली सगळ्यांना कोंबायचे नाही. एक पाल कोसळले तरी बाकीची उभी राहतात, रडणारे मूल एकाच पालातली माणसे जागी करते, आणि दहा फुटांची सपाट जागा जिथे मिळते तिथे पाल बसते.

हे मला आजच्या कुटुंबासाठीही शहाणपणाचे वाटते. चार ते सहा माणसांपर्यंत एकच तंबू घ्यावा, पण दोन झोपण्याचे कप्पे आणि मधे उभे राहण्याजोगी मोकळी जागा असलेला. माणसे त्याहून जास्त असतील, दोन भाऊ आणि त्यांची मुले निघाली असतील, तर दहा-बारा जणांचा एकच अजस्र तंबू टाळावा. दोन मध्यम तंबू समोरासमोर लावून मधे ताडपत्रीची सावली ओढावी. मोठा तंबू गुंडाळला तरी वीस किलोच्या आसपास भरतो, गाडीची अर्धी डिकी खातो, आणि एवढी सलग सपाट जागा सह्याद्रीच्या उतारांवर सहज मिळत नाही.

अजस्र तंबूंचा थाट आपल्या इतिहासात होताच. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुक्कामाच्या एका संचाला 100 हत्ती, 500 उंट आणि 400 गाड्या लागत, असा हिशेब दिला आहे. असे दोन संच असत. एकात बादशहा राहत असताना दुसरा, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामाला रवाना होई. पालखीपुढे धावणारा मालट्रक त्याच परंपरेतला. एवढा लवाजमा नसताना प्रचंड तंबू पाळणे घरातल्या दोन-तीन मोठ्या माणसांच्या अंगावर येते.

पावसाचे गणित नाशिक जिल्ह्यात एकच नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरात हवा पूर्ण पालटते. तंबूच्या कापडावर जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. छपराला दोन ते तीन हजारांचा आकडा आपल्या पावसात पुरतो. तळाचे तसे नाही. साठ किलोचा माणूस ओल्या जमिनीवर गुडघे टेकतो तेव्हा दोन्ही गुडघ्यांखाली मिळून 80 चौरस सेंटिमीटर जागा धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो दाब येतो. हा साडेसात मीटर, म्हणजे 7,500 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब झाला. खालून ओल येते ती अशी. तळाचा आकडा पाच हजाराच्या खाली असेल तर तो तंबू पावसाळी भागासाठी घेऊच नये, आणि आत जाड सतरंजी किंवा फोमची चटई अंथरावी. तळाचे कापड कडेने पाच-सहा इंच वर वळवून शिवलेले हवे. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून पाहावे.

तंबूखाली ताडपत्री घालतात तेव्हा एक चूक हमखास होते. ताडपत्री तळापेक्षा मोठी असते, कडा बाहेर राहतात, त्यावर पडलेले पावसाचे पाणी सरळ तंबूखाली जाते. कडा आत दुमडून घ्याव्यात.

आतून होणारी ओल वेगळी. माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. सहा जणांचे दीड लिटर झाले. थंडीत ते कापडाला आतून चिकटते आणि पहाटे थेंबथेंब गळते, मग तंबू गळका निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. निफाडला कित्येक हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली उतरतो, द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. अशा रात्री वरच्या झडपा बंद करून घ्याव्याशा वाटतात, पण त्या उघड्याच ठेवाव्यात. दोन थर असलेला, आत जाळीचे छत आणि त्यावर अंतर सोडून आवरण असा तंबू यासाठीच हवा. लष्करी धाटणीच्या जुन्या तंबूंना दुहेरी छप्पर असायचे ते उन्हासाठी. दोन छपरांमधल्या हवेमुळे आत ताप कमी पोहोचतो. देवळालीच्या छावणीने असे तंबू दीडशे वर्षांत किती पाहिले असतील!

थंडीला उपाय म्हणून शेगडी, निखाऱ्यांची घमेली किंवा गॅसचा हीटर तंबूत कधीही घेऊ नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठूही देत नाही. पॉलिस्टर क्षणात पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तंबूपासून लांब करावा.

सुती द्विसुती कापड की पॉलिस्टर, हा वाद लवकर मिटतो. सुती कापड भिजले की धागे फुगून छिद्रे बुजतात, आत हवा छान खेळते, उन्हात ते टिकते. पण ते जड असते, वाळायला वेळ घेते आणि ओले गुंडाळले की त्याला बुरशी धरते. एकाच जागी महिनाभर मुक्काम करणाऱ्याला ते योग्य. दोन रात्रींसाठी गाडीतून जाणाऱ्या कुटुंबाने पॉलिस्टर घ्यावे.

मेखांचा प्रश्न थेट जमिनीचा आहे. दुकानातून तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा मऊ हिरवळीसाठी असतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या माथ्यांवर वीतभर माती आणि खाली काळा कातळ. मेख आत जात नाही. तिथे तणावा मोठ्या दगडाला बांधायचा किंवा दगड भरलेल्या पोत्याला. धरणाच्या काठी काळी माती, ती कोरडी असताना घट्ट धरते आणि भिजली की मेख लोण्यातून निघावी तशी निघते. तिथे हातभर लांब, रुंद पात्याच्या मेखा हव्यात. सिन्नरकडच्या मुरुमात जाड लोखंडी सळईच चालते. तंबूच्या किमतीतले थोडे पैसे बाजूला काढून दोन प्रकारच्या मेखा आणि एक चांगला हातोडा घ्यावा. खरेदीत मी याला तंबूइतकेच महत्त्व देईन.

जागा निवडताना नदीचे कोरडे पात्र, ओढ्याचे वळण आणि धरणाच्या पाण्यालगतची सपाटी टाळावी. घाटात कोसळलेला पाऊस खाली चांदणे असतानाही ओढा भरून आणतो. एकुलत्या उंच झाडाखाली विजेचे भय असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम पाळूनच मुक्काम करावा. दिंडोरी-निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर नित्याचा आहे. उसाच्या फडालगत तंबू नको, आणि रात्री लहान मुलाला एकटे बाहेर सोडू नये.

जुन्या राहुटीला तळ नसे. आजच्या तंबूचा सगळ्यात मोठा लाभ मला इथे दिसतो. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश किती जीवघेणा असतो आणि प्राझोसिन या औषधाने तो कसा आटोक्यात येतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवले. तळाशी सलग शिवलेला आणि दाराची साखळी (झिप) पूर्ण बंद होणारा तंबू या दोन्हींपासून वाचवतो, पण साखळी खरोखर बंद ठेवली तरच. म्हणून साखळी जाड, दोन्ही बाजूंनी सरकणारी आणि लहान मुलाच्या हाताला जमणारी असावी. बूट आत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत.

सिंहस्थ कुंभमेळ्याची शिकवण राहिलीच. गुरू सिंह राशीत असताना श्रावण-भाद्रपदात नाशिकची पर्वणी येते. 2015 च्या शाही पर्वण्या 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 18 सप्टेंबरला होत्या. प्रयागचा कुंभ माघातल्या कोरड्या वाळूवर भरतो, आपला भर पावसात. तपोवनात साधुग्राम उभारताना पाण्याचा निचरा, रस्त्यांची खडी आणि शौचालयांची जागा यांचा विचार निवाऱ्यांच्या आधी करावा लागतो. 2027 मध्ये पुन्हा तेच आव्हान आहे. कुटुंबानेही क्रम तोच ठेवावा. पाणी कुठे उतरेल, आजी रात्री शौचाला कुठे जाईल, गाडी कुठपर्यंत येईल, आणि मग तंबू कुठे. आजीच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

पहिल्या सहलीला तंबू विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावा. गिर्यारोहण संस्थांतल्या आणि ट्रेकिंगच्या गटांतल्या मंडळींकडे तंबू असतात, सांगायला अनुभवही असतो. विकत घेतलाच तर निघण्याआधी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात एकदा पूर्ण उभा करावा, नळीने त्यावर पाणी मारावे, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना दांडे ओवायला शिकवावे. त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर जमते. जास्तीचा एक दांडा, सुतळीचा गुंडा आणि शिवणीला लावायची चिकटपट्टी पिशवीत कायमची ठेवावी. परत आल्यावर तंबू ओला असो वा नसो, दोरीवर टाकून पूर्ण वाळवावा, तळावरची माती झाडावी, साखळीचे दात जुन्या ब्रशने घासावेत. घडी दर वेळी त्याच रेषेवर घालू नये. तिथेच जलरोधक लेप तडकतो, आणि पुढच्या जूनमध्ये पाणी आत शिरते ते त्याच रेषेवरून.