सीव्हीडी रिॲक्टरमधला वायुप्रवाह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रासायनिक बाष्प निक्षेपण, अर्थात सीव्हीडी, या पद्धतीत तापलेल्या पृष्ठभागावर वायूंची अभिक्रिया घडवून घन पदार्थाचा पातळ थर बसवतात. चिपपासून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यापर्यंत तिचा वापर होतो. आयआयटी मद्रासला केंद्र सरकारने २०२३ मध्ये हिऱ्यांवरील संशोधनासाठी पाच वर्षांकरता सुमारे २४३ कोटी रुपये मंजूर केले.

गैरसमज: थर असमान बसतो तो प्रवाह खळबळल्यामुळे, वेग कमी केला की झाले.

वस्तुस्थिती: या रिॲक्टरमध्ये प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक बहुधा काही दहांत किंवा शेकड्यांत असतो. खळबळ साधारण दोन हजारांच्या पुढे सुरू होते, म्हणजे ती इथे फारशी नसतेच. खरा त्रास उष्णतेचा. खालच्या तापलेल्या पाटावरचा वायू हलका होऊन वर चढतो, थंड छताशी वळतो आणि भोवरे धरतो. वेग कमी केला तर हे भोवरे उलट बळावतात. त्यांचा जोर दाखवणारा ग्रॅशॉफ अंक कक्षाच्या उंचीच्या घनाने आणि दाबाच्या वर्गाने वाढतो. उंची निम्मी केली की तो एक अष्टमांश होतो. दाब दहाव्या भागावर आणला की शंभरावा हिस्सा उरतो. वाहक वायूची निवडही तितकीच निर्णायक आहे. त्याच परिस्थितीत नायट्रोजनसाठी हा अंक हायड्रोजनच्या सुमारे पन्नासपट भरतो. गिलिंग यांनी १९८२ मध्ये होलोग्राफीने आडव्या कक्षांतले प्रवाह पाहिले, तेव्हा हायड्रोजन आणि हेलियम शांत वाहताना दिसले, तर नायट्रोजन आणि आर्गॉन सहज भोवऱ्यांत सापडले.

अरुंद नळी एकदम रुंद कक्षात उघडली, तरी कोपऱ्यांत भोवरे अडकतात. तिथे रेंगाळलेला जुना वायू पुढच्या थरात मिसळतो आणि दोन थरांमधली सीमा पुसट होते. म्हणून तोंड हळूहळू रुंदावत नेतात.

गैरसमज: प्रवाह सरळ झाला की थर आपोआप एकसारखा बसतो.

वस्तुस्थिती: सरळ प्रवाहातही वाटेत कच्चा माल संपत जातो आणि पुढच्या वेफरवर थर पातळ होतो. त्यावर पाट किंचित तिरपा ठेवतात, वेफर फिरवतात किंवा वरून झारीसारख्या छिद्रांतून वायू सोडतात.

गैरसमज: हेच नियम हिऱ्याच्या रिॲक्टरलाही जसेच्या तसे लागू पडतात.

वस्तुस्थिती: तिथे हायड्रोजनमध्ये थोडा मिथेन असतो आणि मायक्रोवेव्हने प्लाझ्मा पेटवलेला असतो. अणुरूप हायड्रोजन पृष्ठभागाशी पोचतो तो मुख्यतः विसरणाने. त्यामुळे डिझाइनची बरीचशी मेहनत वायूच्या तोंडापेक्षा प्लाझ्माच्या गोळ्याचा आकार आणि सब्स्ट्रेटचे तापमान सांभाळण्यात जाते.