तिकिटावर तीन तास, विमानात साडेपाच

तिसगावातून उमराला जाणारे लोक तिकीट हातात पडलं की आमच्याकडे ते वाचून घ्यायला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "सर, मुंबईहून सकाळी 10 ला निघून 1 वाजता जेद्दा? तीनच तास?"

तीन नाही, साडेपाच. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोहोचायची जेद्दाची. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे चालतं. त्यामुळे जाताना तिकिटावरच्या फरकात अडीच तास मिळवायचे, येताना वजा करायचे. जेद्दाहून दुपारी 3 ला सुटून मुंबईत रात्री सव्वादहा, म्हणजे सव्वासात नव्हे, पावणेपाच तास. येताना वेळ कमी लागतो, कारण वरचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि विमानाला पुढे ढकलतो.

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. गंमत बघा, तिसगावातून करंजी घाटातून, नगरवरून मुंबई विमानतळ गाठायला त्याहून जास्त वेळ जातो! शिवाय तीन तास आधी हजर राहायचं असतं. म्हणून आदल्या रात्रीच निघा.

हा हिशोब एहरामसाठी फार महत्त्वाचा आहे. उमराच्या नियतीने थेट जेद्दाला जाणाऱ्याने मीकातच्या आधी एहराममध्ये असायला हवं, आणि मीकात विमान उतरण्याआधीच, हवेत येते. विमान मिनिटाला साधारण 14 किलोमीटर कापतं. उतरायला अर्धा तास उरला तेव्हा उठू म्हणाल, तर पट्टे बांधायची सूचना झालेली असते, बाथरूमसमोर रांग असते आणि मीकात मागे पडलेली असू शकते. एहराम न बांधता मीकात ओलांडली आणि परत जाऊन बांधला नाही, तर दम द्यावा लागतो, म्हणजे एका जनावराची कुर्बानी. म्हणून पुरुषांनी चादरी घरी किंवा विमानतळावरच नेसाव्यात. नियत आणि तल्बिया विमानात सूचना होताच. चादरी मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग जेद्दालाच हातात येते. बायकांना वेगळे कपडे नाहीत, पण नियतीची वेळ तीच.

विमान आधी मदिनेला जाणार असेल आणि मक्का नंतर असेल, तर ही घाई नाही. एहराम मदिनेहून निघताना झुल-हुलैफा इथे बांधायचा. तेव्हा तिकिटावर आधी शहराचं नाव बघा.

रमजानमध्ये जात असाल तर इफ्तार ना मुंबईच्या वेळेने, ना जेद्दाच्या. विमानातून सूर्य बुडालेला दिसेल तेव्हा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, रोजा दोन तासांहून थोडा जास्तही वाढू शकतो. शुगरच्या औषधावर असलेल्या आजी-आजोबांनी हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं.