दाऊदच्या नावाची गीते

रमजानचे रोजे फर्ज आहेत. वर्षभरात स्वखुशीने जे नफ्ली रोजे ठेवले जातात, त्यांत हदीसने सर्वांत उत्तम म्हटले आहे ते 'सौम-ए-दाऊदी'ला. एक दिवस रोजा, दुसऱ्या दिवशी नाही. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) असे रोजे ठेवत. त्यांच्यासोबत डोंगर आणि पाखरेही ईश्वराची स्तुती करत, असे कुरआन सांगते. एखाद्या कारीचा गळा फार गोड असला, की आजही उर्दूत 'लहन-ए-दाऊदी' म्हणून त्याची तारीफ होते.

या दाऊदना अल्लाहने 'जबूर' दिली, असा उल्लेख कुरआनात आहे. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत तेच राजा दावीद. त्यांच्या नावाशी जोडलेली १५० हिब्रू गीते ज्यू लोक 'तेहिल्लीम' म्हणून म्हणतात, तर मराठी बायबलमध्ये ती 'स्तोत्रसंहिता' म्हणून छापली जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे जे मराठी भाषांतर केले, त्यातही ही गीते आहेत. ही सगळी दाऊदनीच रचली का, आणि केव्हा, हा प्रश्न फार जुना आहे.

घोळ सुरू होतो तो एका अक्षरापासून. १५० पैकी ७३ गीतांच्या माथ्यावर 'ले-दावीद' असे लिहिलेले आहे. हिब्रूतल्या या 'ले'चा अर्थ दावीदचे, दावीदसाठी किंवा दावीदविषयी, असा कसाही होऊ शकतो. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. 'नामदेवांचा अभंग' म्हणजे नामदेवांनी रचलेला. पण 'गणपतीची आरती' गणपतीने रचली, असे कुणी म्हणत नाही. प्रत्यय तोच, नाते वेगळे. उरलेल्या गीतांपैकी काहींवर आसाफ, कोरहाचे वंशज, शलमोन, अगदी मोशेचेही नाव आहे. बरीच बिननावाची आहेत.

मग काळ ठरवायचा कसा? गीताच्या पोटातून. दाऊदचा काळ साधारण इ.स.पू. १००० चा. १३७ वे गीत मात्र बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचे आहे. जेरुसलेम बाबिलोनी फौजांच्या हाती पडले ते इ.स.पू. ५८६ च्या सुमारास, म्हणजे दाऊदनंतर चारशे वर्षांनी. याउलट २९ वे गीत बरेच जुने असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला आणि तिथे उगारित हे गाडले गेलेले शहर सापडले. तिथल्या मातीच्या पाट्यांवर वादळाच्या देवाची जी काव्ये निघाली, त्यांची ठेवण या गीताशी जुळते. भाषाही साक्ष देते. ज्ञानेश्वरांच्या नावावर कुणी ओवी आणली आणि तिच्यात 'इस्टेशन' निघाले, तर वाद घालायची गरजच उरत नाही. तसेच काही गीतांतले शब्द आणि वळणे उत्तरकालीन हिब्रूतली आहेत.

असे काही बोलले की श्रद्धेला धक्का बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. कारण हे जुन्या धार्मिक मंडळींनाही ठाऊक होते. ७२ व्या गीताच्या शेवटी दावीदच्या प्रार्थना इथे संपल्या अशी नोंद आहे, आणि पुढे पुन्हा त्यांच्या नावाची गीते येतात! म्हणजे निरनिराळे संग्रह एकत्र बांधले गेले. दाऊदनी दहा वडीलधाऱ्यांच्या साथीने हा ग्रंथ लिहिला, असे तालमूद सांगते; त्या दहांत आदमही आहे. मृत समुद्राकाठच्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या गुंडाळीत तर दाऊदच्या रचनांची संख्या ४,०५० दिली आहे. मोठ्या नावाकडे गाणी अशीच ओढली जातात. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, त्या निवडताना मराठी अभ्यासकांची दमछाक झालीच की.

मुस्लिम विद्वानांची भूमिका साधारणपणे अशी: दाऊदना जबूर मिळाली यावर ईमान आहे, पण आज हाती असलेले १५० गीतांचे पुस्तक अक्षरशः तेच, असा दावा नाही. तरी सूरह अल-अंबियात जबूरचा हवाला देऊन सांगितलेली, सज्जनच भूमीचे वारस होतील ही गोष्ट ३७ व्या गीतात भेटते, तेव्हा वाचणारा थबकतोच.

राजा आणि कवी एकच असण्याची गोष्ट वाशीमला नवी नाही. हे शहर म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात ही शाखा सुरू करणाऱ्या सर्वसेनाने 'हरिविजय' हे प्राकृत महाकाव्य रचले. कृष्णाने सत्यभामेसाठी पारिजातक आणला, ही त्याची कथा. सर्वसेनाचे नाव अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील शिलालेखात होते, पण झिजलेल्या अक्षरांत ते आधी कुणाला नीट लागले नव्हते. १९३९ मध्ये वाशीमलाच त्याच्या मुलाचा, विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, तेव्हा उलगडा झाला. ताम्रपटावर फक्त राज्यवर्ष आहे, ३७ वे; त्याचा काळ लिपी आणि वंशावळीवरूनच बांधावा लागला.

दाऊदच्या बाबतीत दगडाने अशी साक्ष दिली ती १९९३ मध्ये, उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे. तिथे सापडलेल्या शिलालेखाच्या तुकड्यात 'दावीदचे घराणे' असे शब्द आहेत. घराणे सापडले, गीतांविषयी दगड गप्प आहे.

सर्वसेनाचे नेमके उलटे. कवी कोण याबद्दल शंका नाही, काव्यच हरवले. आनंदवर्धन, कुंतक, भोज अशा काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली, म्हणून 'हरिविजय' ठाऊक आहे. पूर्ण पोथी कुठेही मिळालेली नाही. दरबारातले काव्य पंडितांच्या पोथ्यांत राहिले आणि पोथ्यांबरोबर गेले. हिब्रू गीते मंदिरात गायली जात. मंदिर पडल्यावर सिनेगॉगमध्ये, चर्चमध्ये आणि घरोघरी, आजारपणात, मयतीला म्हटली गेली. ती पाठ असणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माथ्यावरचे नाव कधी तपासले नसेल.