परवाना कोणाच्या हाती?

रानात बांबू उदंड आणि रानाशेजारच्या घरात मात्र दारिद्र्य, असे का व्हावे? गडचिरोली जिल्ह्याची बहुतेक भूमी वनाखाली आहे; परंतु कित्येक वर्षे तेथील बांबू कागदाच्या गिरणीकडे व तेंदूपत्ता ठेकेदाराकडे जाई, आणि गावकऱ्यांच्या पदरी मजुरी तेवढी पडे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने ही रीत पालटली. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. २००९ साली मेंढा व मर्दा या गावांस देशात प्रथमच सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्यास सुमारे १,८०० हेक्टर वन आले. तथापि कागदावरच्या हक्काने चूल पेटत नाही. तोडलेला बांबू रानाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि बांबू हे झाड आहे असे म्हणून वनखाते तो देईना. अखेरीस २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्याच स्वाधीन केले. बांबू आता गाव विकू लागले.

हक्क मिळाला म्हणून मेंढ्याने रान ओरबाडले असेल, अशी शंका कोणास येईल. तसे घडले नाही. मधाची पोळी न जाळता मध काढण्याची रीत या गावाने स्वतः बसविली. शिवाय तेथील ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची संमती मिळेपर्यंत बोलणे चालू राहते. आमच्या पंचायतींतून एका सभेत हात वर करून विषय संपविण्याची जी घाई दिसते, तिच्याशी हे ताडून पाहावे.

परंतु एकट्या गावाचे बळ ते किती? तेंदूच्या पानांचा हंगाम काही आठवड्यांचा. खुडलेले पान वाळवून उचलले नाही व पाऊस आला तर मातीमोल. एका गावाने भाव धरून ठेवला की व्यापारी शेजारच्या गावी जातो. ही फूट टाळण्यासाठी २०१३ पासून काही ग्रामसभांनी आपला तेंदूपत्ता ठेकेदारावर न सोडता स्वतः लिलावाने विकावयास प्रारंभ केला. पुढे छत्तीसगडच्या सीमेवरील कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभा एकत्र येऊन २०१७ साली महाग्रामसभा स्थापन झाली. खानापूरच्या किंवा सत्तरीच्या रानाशेजारी राहणाऱ्या आमच्या वाचकांस यातील मर्म सहज उमगेल: वणवा, चोरतोड आणि बाजारभाव, यांतील एकही गोष्ट गावाची शीव ओळखत नाही.

तेंदूच्या पानाची अखेर विडीच होते, आणि विडी आम्हांस मुळीच रुचत नाही. पण त्या घरांस दुसरे रोख उत्पन्न मिळेपर्यंत त्यांना नाक मुरडून उपदेश करणे आम्हांस शोभणार नाही.

कोरचीची एक गोष्ट मात्र आम्हांस विशेष भावली. महाग्रामसभेवर प्रत्येक गावाने दोन पुरुष व दोन स्त्रिया पाठवाव्यात असे ठरले. भल्या पहाटे रानात जाऊन पाने खुडणाऱ्या आणि अंगणात बसून त्यांची पुडकी बांधणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात थोडे नाहीत. भाव ठरण्याच्या वेळी आता त्याही बैठकीस असतात.