जुन्या गाडीत नवा आवाज

रस्त्याने एखादी जुनी मोटार तुमच्या शेजारून जाते. तिच्यात गाणे लागलेले असते, पण शब्द कळत नाहीत. नुसती ‘धम धम’ ऐकू येते आणि दरवाजाचा पत्रा खडखडतो. तेवढ्यात तशीच दुसरी जुनी गाडी सिग्नलला येऊन उभी राहते. तिच्यातला आवाज मोठा नसतो; पण गायकाचा शब्द न् शब्द आणि तबल्याची थाप स्पष्ट कळते. स्पीकर दोन्ही गाड्यांत आहेत. मग फरक कशामुळे पडला? थोडासा पैशामुळे, पण पुष्कळसा कामाच्या पद्धतीमुळे. ती पद्धत आपण या पाठात समजून घेऊ.

मोटारीत गाणे ऐकण्याची सोय तशी जुनी आहे. अमेरिकेतील गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसवण्याचा रेडिओ विक्रीस आणला. त्याला त्यांनी ‘मोटोरोला’ असे नाव दिले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लहान कॅसेट आणली आणि पुढे मोटारीत कॅसेट प्लेअर आले. आता गाणी मोबाइलमधून वाजतात. गाणे वाजवण्याचे साधन बदलले, पण स्पीकरचे काम मात्र तेच राहिले.

आपल्या देशात मारुती ८०० ही छोटी गाडी १९८३ ते २०१४ या काळात तयार होत होती. समजा, तुमच्या मामूंनी १९९८ सालची अशी एक गाडी जपून ठेवली आहे. तिच्यात जुना कॅसेट प्लेअर आहे. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर आहेत. मामूंना आवाज सुधारायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

आधी स्पीकर कसा चालतो ते पाहू. स्पीकरच्या मागे चुंबक असते. चुंबकाच्या खाचेत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते आणि ते कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या शंकूला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून गाण्याची वीज वाहू लागली, की शंकू पुढे-मागे हलतो. शंकू हवेला ढकलतो आणि हवेच्या लाटा आपल्या कानापर्यंत येतात. ढोलासारख्या खर्ज आवाजासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून चार इंचांच्या स्पीकरपेक्षा साडेसहा इंचांचा स्पीकर खर्ज आवाज चांगला देतो. बासरीसारख्या बारीक आवाजासाठी शंकूला फार वेगाने हलावे लागते. ते काम ‘ट्विटर’ नावाचा छोटा स्पीकर करतो.

मागच्या फळीवरच्या स्पीकरवर वर्षानुवर्षे ऊन पडते. कागद वाळतो, त्याची कड फाटते आणि आवाज चिरका येऊ लागतो. म्हणून पहिला खर्च स्पीकरवर करावा. शक्य असल्यास ते पुढच्या दरवाजांत बसवावेत, म्हणजे आवाज पाठीमागून न येता समोरून येईल. पण घाई करू नका. दरवाजाच्या आत काच वर-खाली होते. काच खाली आल्यावर ती स्पीकरच्या चुंबकावर आपटणार नाही ना, हे आधी मोजून पाहावे.

आता एक गंमत ऐका. शंकू पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दरवाजाच्या पत्र्याला मोठी भोके असतील, तर मागची लाट त्यांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारून टाकते. खर्ज आवाज तिथेच नाहीसा होतो! म्हणून चांगला कारागीर ती भोके बंद करतो. पत्र्याला आतून डांबरासारखे जड शीट चिकटवतो, म्हणजे पत्रा थरथरत नाही. पाणी बाहेर जाण्यासाठी दरवाजाच्या तळाशी असलेली छिद्रे मात्र तो मोकळी ठेवतो. ती बुजवली तर पावसाचे पाणी साचून पत्रा गंजेल. या कामाला पैसे थोडे लागतात. पण महागडे स्पीकर घेऊन हे काम टाळणे म्हणजे फुटक्या माठात थंड पाणी भरण्यासारखे आहे.

दोन्ही स्पीकर एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे हलले पाहिजेत. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्ज आवाज पुन्हा नाहीसा होतो. हे तपासणे सोपे आहे. सुट्या स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. शंकू बाहेर आला, तर सेलचे धन टोक ज्याला लावले ते स्पीकरचे धन टोक समजावे.

यानंतर नवा प्लेअर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘५० वॉट × ४’ असे छापलेले असते. हा आकडा कोठून येतो? तुम्ही विज्ञानात शिकलेले सूत्र आठवा : व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. मोटारीतला स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. १४ गुणिले १४ म्हणजे १९६; त्याला ४ ने भागले की ४९. हा झाला ५० वॉट! पण सारा वेळ पूर्ण १४ व्होल्ट स्पीकरला मिळाले, तरच हा हिशेब खरा ठरेल. गाण्याची लाट तर सतत वर-खाली होत असते. म्हणून आवाज न फाटता मिळणारी शक्ती याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे २० वॉट असते. बंद गाडीत गाणे ऐकायला २० वॉट पुष्कळ होतात. तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पूर्वीच्या अनेक रेडिओंमध्ये स्पीकरची एक तार सरळ गाडीच्या पत्र्याला जोडत असत. आजच्या प्लेअरला हे चालत नाही. त्याची स्पीकरकडे जाणारी कोणतीही तार पत्र्याला लागली, तर प्लेअर जळू शकतो. म्हणून जुन्या तारा काढून प्रत्येक स्पीकरला दोन-दोन नव्या तारा थेट प्लेअरपासून न्याव्यात.

कधी कधी सारे नवे बसवूनही गाण्यात ‘कूंऽऽ’ असा आवाज येतो आणि इंजिनाचा वेग वाढला की तोही चढतो. दोष बहुधा स्पीकरचा नसतो. गाडीतली वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची ती कुरकुर असते. अर्थची तार रंगावर किंवा गंजावर घट्ट केली, की ही कुरकुर गाण्यात शिरते. तेवढ्या जागेचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर तार नट-बोल्टने आवळली, की बहुतेक वेळा ती थांबते.

एवढ्यावर मामूंचे समाधान झाले तर उत्तम. पण कोणी सांगेल, ‘मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावा!’ मग पुन्हा हिशेब करू. खरोखर २०० वॉट देणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला, तर बॅटरीकडून सुमारे ४०० वॉट घेतो; कारण बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. ४०० ला १३ ने भागले, तर प्रवाह सुमारे ३१ अँपिअर होतो. गाडीचे पुढचे दोन्ही दिवे मिळून साधारण १० अँपिअर घेतात. म्हणजे हा एकटा पाहुणा दोन दिव्यांच्या तिप्पट खाणार! जुन्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर एवढे रोज पुरवू शकत नाही. रात्री दिवे मंद होतात आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. उर्दूत आपण चादरीएवढे पाय पसरावेत असे म्हणतो. मराठीत म्हणतात, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे.’ गाडीच्या बाबतीत हे अंथरूण म्हणजे तिचा अल्टरनेटर आणि बॅटरी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते, म्हणून तिला हात लावला तर झटका बसत नाही. त्यामुळे पुष्कळ लोक तिला निरुपद्रवी समजतात. हा समज घातक आहे. बॅटरीपासून निघालेली धन तार कोठे घासून पत्र्याला टेकली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. तार लाल होते, तिचे प्लॅस्टिक पेटते आणि जवळच पेट्रोल असते. पुढे काय होईल ते सांगायला नको.

हे टाळण्याचा उपाय म्हणजे एक छोटासा फ्यूज. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवावा. अ‍ॅम्प्लिफायरजवळ फ्यूज असला, तरी बॅटरीपासून तिथपर्यंतची सारी तार उघडी राहते. फ्यूज मुख्यतः त्या तारेचे रक्षण करतो, म्हणून तो तारेच्या जाडीला शोभेल असाच हवा. फ्यूज वारंवार जात असेल, तर दोष शोधावा. त्याच्या जागी साधी तार किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे घराच्या पहारेकऱ्याला बांधून ठेवणे होय. तार पत्र्याच्या भोकातून नेताना तिथे रबरी कडे बसवावे. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. जोडणीचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पण आपण शेजारी उभे राहून ‘फ्यूज कोठे बसवला?’ असे अवश्य विचारावे.

शेवटी, आपल्या कानांचाही विचार करू. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये असे तज्ज्ञ सांगतात. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे! कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय, मोठ्या आवाजात चालकाला मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नाही. त्या रुग्णवाहिकेत कोणाचे तरी प्राण अडकलेले असतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे काम शिकतील. काही जण स्वतःची गाडी घेतील. तेव्हा हा क्रम आठवा : आधी चांगले स्पीकर, मग घट्ट दरवाजा, मग नव्या तारा आणि पक्का अर्थ, आणि गरज असेल तरच अ‍ॅम्प्लिफायर. फ्यूज मात्र प्रत्येक वेळी. चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज नव्हे. ज्यात शब्द कळतो, सूर कळतो आणि शेजाऱ्याची झोप मोडत नाही, तोच चांगला आवाज.