रामदास बोट घडवताना – भाग ४ : फूट, टन आणि ज्वारीचे दाणे

मागच्या आठवड्यात आपण मॉडेलचे प्रमाण पक्के केले : १ ला १००. खऱ्या बोटीचा एक मीटर म्हणजे आपल्या टेबलावरचा एक सेंटिमीटर. आज खरे आकडे हाती घेऊ आणि प्रत्येक आकडा नेमके काय मोजतो, ते तपासू.

'रामदास' ही प्रवासी बोट १९३६ साली इंग्लंडमध्ये, टाइन नदीकाठी, स्वॉन हंटर कंपनीच्या गोदीत बांधली गेली. १७ जुलै १९४७ रोजी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. खामगावसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावात बसून मी हीच बोट करायला घेतली, कारण एवढ्या मोठ्या दुर्घटनेची हकिगत बहुतेक ठिकाणी चार-पाच ओळींत आटोपलेली दिसते. मॉडेल करणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही. जिना कोणत्या अंगाला होता, कठडा किती उंच होता, हे ठरवल्याशिवाय त्याला पुठ्ठा कापताच येत नाही.

पहिला आकडा लांबीचा. 'रामदास'ची नोंदलेली लांबी १७९ फूट आणि रुंदी २९ फूट. आपल्या प्रमाणात हे ५४.६ आणि ८.८ सेंटिमीटर होतात. पण जहाजाची लांबी एकाच पद्धतीने मोजत नाहीत. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या, टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी वेगळी, पाण्याच्या रेषेवरची वेगळी आणि नोंदवहीसाठी ठरावीक दोन खुणांमध्ये मोजलेली आणखी वेगळी. त्यामुळे छापील आकडा घेऊन लगेच सांगाडा कापू नका. बाजूने घेतलेल्या फोटोवर पट्टी लावून आधी पडताळा करा.

दुसरा आकडा टनांचा, आणि नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच. 'रामदास' ४०६ टनांची होती असे वाचले की वाटते, तिचे वजन ४०६ टन. तसे नाही. जहाजांच्या त्या काळच्या नोंदवहीतला हा टन वजनाचा नसून जागेचा होता. १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. म्हणजे हा आकडा बोटीच्या पोटात साधारण ४०,६०० घनफूट जागा होती एवढेच सांगतो. बोट पाण्यात किती खोल बसत होती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आराखडा पाहावा लागतो. स्वॉन हंटरची बरीच कागदपत्रे न्यूकॅसलच्या टाइन अँड वेअर दफ्तरखान्यात जपलेली आहेत. शोध तिथून सुरू करावा.

तिसरा पुरावा फोटोंचा. फोटोत ओळखीचे माप सापडले की तीच आपली मोजपट्टी. कठड्याशी उभा असलेला माणूस किंवा केबिनचा दरवाजा यांवरून शेजारच्या वस्तूंची उंची काढता येते. मात्र बोट तिरकी उभी असेल तर नाळेजवळचा माणूस आणि मागचा माणूस एका मापाने मोजू नका. रंगाच्या बाबतीत तर फोटोवर अजिबात भिस्त ठेवू नका. त्या काळात सर्रास वापरात असलेल्या एका जातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल धुराडे फोटोत काळे उमटे. रंगासाठी लेखी नोंदच शोधावी.

आता हातातले काम सांगतो. बोटीची वरून दिसणारी आकृती मी कागदावर आपल्या प्रमाणात काढली. मधोमध धुराड्याची आणि इंजिनाच्या खोलीची जागा रेघा मारून बाद केली. मग माणसांच्या जागी ठेवायला घरातली ज्वारी घेतली. माणसाचा खांदा साधारण ४५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या प्रमाणात साडेचार मिलिमीटर. टपोरा दाणा जवळपास तेवढाच भरतो. त्या दिवशी बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती, म्हणून सातशे दाणे मोजले. काही खालच्या मजल्याच्या कागदावर ठेवले, काही वरच्या.

वाचलेल्यांनी सांगितले आहे की मोठी लाट आली, पाणी आत शिरले आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले. मी निम्मे दाणे बोटाने तीन सेंटिमीटर एका कडेला सरकवले. माणशी ६० किलो धरले तर साडेतीनशे दाणे म्हणजे २१ टन वजन, आणि ते जेमतेम नऊ मीटर रुंदीच्या बोटीत तीन मीटर सरकलेले. त्यात वरच्या मजल्यावर जितकी गर्दी, तितका बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि तिची सावरण्याची ताकद घटते. दाण्यांनी काठाची रेघ झाकून टाकली, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. २९ फूट हा आकडा मी कितीदा लिहिला होता, पण त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला.

म्हणून या आठवड्याचा नियम असा : एका वहीत तीन रकाने आखा, लेखी पुरावा, फोटो आणि अंदाज. मॉडेलमधली प्रत्येक वस्तू यांपैकी एका रकान्यात गेलीच पाहिजे. अंदाज करायला हरकत नाही, पण तो अंदाज म्हणूनच लिहून ठेवा. उद्या तुमचे मॉडेल पाहणारा त्यालाच पुरावा समजेल, आणि ज्या बोटीबरोबर इतकी घरे उजाडली तिच्याविषयी चुकीची माहिती पसरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि एक विनंती. तुमच्या किंवा कोकणातल्या पाहुण्यांच्या घरी आगबोटीसमोर, धक्क्यावर काढलेला एखादा जुना फोटो असेल तर तो शोधा. घरातली जाणती माणसे आहेत तोवर त्यांना बोटीचे नाव, धक्का आणि साल विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा.